पुंडलिकचा सिग्नल

१० ऑक्टोबर १९९३, रविवार

हॅम रेडिओचं लायसन्स मिळाल्यापासून एक वही सरकारसाठी लिहिते: कुणाशी बोलले, कधी, कोणत्या फ्रीक्वेन्सीवर. तिच्यात मताला रकाना नाही. म्हणून ही दुसरी.

माझी स्थिती: वय चोवीस, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी, राहायला बजाजनगर, लग्न नाही. यातली शेवटची बाब आई रोज सकाळी नव्यानं नोंदवते.

औरंगाबादेत रोज संध्याकाळी हवेत येणारे आम्ही चौघे. तात्यासाहेब, निवृत्त सरकारी अभियंता, यांच्याकडे जपानी सेट आणि शहरातला सर्वांत उंच अँटेना. त्यामुळे रोजच्या बैठकीचे सूत्रधार तेच. केरबा, गुलमंडीजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पुंडलिक, तारघरात नोकरी. आणि मी. बाईला इथं वय विचारत नाहीत, सरसकट 'यंग लेडी' म्हणतात. म्हणजे ऐंशीव्या वर्षीही माझी सोय झाली.

प्रत्येकानं आपल्या छंदावर पाच मिनिटं बोलायचं. केरबा डिश अँटेनावर बोलतो, तात्यासाहेब स्वतःच्या सेटवर, मी सोल्डरिंगवर. कायद्यानं हवेत राजकारण, धर्म आणि धंदा बंद. तात्यासाहेबांनी त्यात स्वतःची भर घातली आहे: आडनावही बंद. "हवेत जात नसते," असं ते आठवड्यातून एकदा सांगतात, बहुधा आम्ही विसरू नये म्हणून.

कायद्यानं गाणं वाजवायलाही बंदी आहे. नेमका पुंडलिकचा छंद शास्त्रीय संगीत. त्यामुळे तो ऐकलेलं गाणं शब्दांत सांगतो. काल त्यानं राग मुलतानी सांगितला. मला त्यातलं काही कळत नाही. पाच मिनिटं संपली तेव्हा सोल्डरिंग आयर्न तापत ठेवल्याचं मी विसरले होते, एवढीच नोंद.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडचे फोन बंद होते. पुंडलिक रजा टाकून आठवडाभर सेटसमोर बसला आणि लोकांचे निरोप पोचवत राहिला. आज तात्यासाहेब हवेत म्हणाले, "पुंडलिकराव, तुमचा सिग्नल म्हणजे बावनकशी सोनं. फाइव्ह-नाइन."

आमच्यात हे आकडे रोज देतात. पहिला, शब्द किती कळले याचा, पाचपैकी. दुसरा, सिग्नलला जोर किती याचा, नऊपैकी. फाइव्ह-नाइन म्हणजे पैकीच्या पैकी. तात्यासाहेब आधी आकडा देतात, मग केरबा तोच आकडा देतो. त्याच्या केबल टीव्हीच्या धंद्याच्या तारा तात्यासाहेबांच्या गच्चीवरून जातात. धंद्याविषयी हवेत बोलायला बंदी आहे, वागायला नाही.

जुना टेपरेकॉर्डर केवढ्याला येतो ते विचारून आले. हेडचा कोन कसा जुळवतात ते पाहायचं आहे.

७ नोव्हेंबर, रविवार

वर्षातून एकदा सेट घेऊन उंचावर जायचं आणि लांबची स्टेशनं पकडायची, असा हॅमवाल्यांचा रिवाज आहे. आम्ही दौलताबादला गेलो. तात्यासाहेब आणि केरबा सोडले तर सगळे प्रथमच एकमेकांना दिसलो. आवाज आणि माणूस यांचा काही संबंध नसतो. तात्यासाहेब बारीक निघाले. पुंडलिक उंच, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा, शर्टाच्या खिशात टेस्टर. माझ्याही पर्समध्ये टेस्टर होता. योगायोग.

किल्ल्यावर खंदकाच्या काठी केरबानं अँटेना उभारला. तात्यासाहेबांनी पुंडलिकच्या डब्यातली मेथीची भाजी दोनदा मागून घेतली. "घरचं वळण कळतं बरं का भाजीवरून," म्हणाले. "मूळचे तुम्ही पैठणकडचे का?"

"नाही, इथलेच आम्ही," पुंडलिक म्हणाला.

"गाणं कुणाकडून आलं? वडील कीर्तनकार?"

"वडील गिरणीत होते. गाणं रेडिओकडून आलं."

परतताना तात्यासाहेबांची जीप सगळ्यांना घरी सोडत होती. पुंडलिकनं भीमनगरच्या कमानीशी थांबवायला सांगितलं. कमानीवर निळे झेंडे होते, भिंतीवर 'नामांतर झालेच पाहिजे', ताजा रंग. तो उतरला, सगळ्यांना हात जोडले. "चहा घेऊन जा ना," म्हणाला.

"उशीर झाला," तात्यासाहेब म्हणाले. साडेचार वाजले होते. पुढं ते शहर येईपर्यंत बोलले नाहीत. जीपचा गिअर अडकत होता, त्या काळजीत असावेत.

भीमनगर कुणाचं ते मला माहीत आहे. औरंगाबादेत कुणाला माहीत नाही? पण आमच्यात आडनावसुद्धा चालत नाही, तर गल्ली कुठून चालेल. पाहिलं आणि विसरले.

९ नोव्हेंबर, मंगळवार

विचित्र बिघाड. पुंडलिकनं हाक दिली, माझ्याकडे स्वच्छ. तात्यासाहेब म्हणाले, "पुंडलिक, सिग्नल फार खराब आहे आज. थ्री-थ्री. खरखर येतीय."

केरबानं जरा थांबून दिला, "थ्री-थ्री."

पुंडलिक म्हणाला, "बघतो, तात्यासाहेब." त्याची पाच मिनिटं झालीच नाहीत. वेळेअभावी. तात्यासाहेबांनी स्वतःच्या सेटच्या नॉबविषयी वीस मिनिटं सांगितलं.

'पुंडलिकराव'मधला रावही खरखरीत गेला असावा.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

सोळा दिवस थ्री-थ्री. बहुतेक तंत्रज्ञ इथं नशिबाला दोष देऊन मोकळे होतात. मी कारणं मांडली.

एक: फ्रीक्वेन्सी धरून ठेवणारा क्रिस्टल थंडीनं सरकत असेल. दोन: माईक. तीन: अँटेनाच्या वायरीत गंज. चार: तात्यासाहेबांच्या आणि त्याच्या घरामध्ये नवी पाण्याची टाकी झाली आहे, तिच्यावरून लाटा परतत असतील. चौथं कारण मला फार आवडलं आहे.

तारघरात जाऊन पुंडलिकला सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "क्रिस्टल असेल म्हणता?"

"शक्यता आहे."

"मग तेच असू द्या," म्हणाला आणि हसला. तांत्रिक चर्चेत हसणारी माणसं मला आवडत नाहीत. त्याच्याबाबत अपवाद करावा लागतो, कारण तो मुद्दा पूर्ण ऐकून मग हसतो.

कंपनीची बस आज दीड तास उशिरा आली, क्रांती चौकात मोर्चा होता. आमचे साहेब म्हणाले, "एका नावापायी प्रॉडक्शन बुडवतात. नावात काय ठेवलंय?" गेल्या वर्षी जपानी भागीदार आला तेव्हा आमच्या कंपनीचं नाव बदललं. पाटी, कागद, शर्टावरचं भरतकाम, सगळं. त्या दिवशी प्रॉडक्शन बंद ठेवून पेढे वाटले होते. पेढे साहेबांनीच वाटले.

१० डिसेंबर, शुक्रवार

क्रिस्टल बदलला. माईक बदलला. वायर बदलली. थ्री-थ्री.

माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सेट नेऊन सिग्नलचा पट्टा पाहिला. इतका स्वच्छ की तिथल्या सरांनी विचारलं, हा कुठल्या कंपनीचा? घरी बनवलाय म्हटलं तर ते माझ्याकडे संशयानं पाहू लागले.

म्हणजे उरली टाकी. रविवारी टाकीभोवती फिरून आले. वॉचमननं हटकलं. लाटा परततात का ते पाहतेय म्हणाले. "इथं लाटा कुठल्या, ताई," तो म्हणाला, "पानी दोन दिसाआड येतं."

आई: "रोज त्या पोराचाच डबा उघडून बसतीस. दुसऱ्या कुनाचा बिघडत नाय व्हय?"

मी: "बिघाड त्याच्यातच आहे."

आई: "मंग दुरुस्त होऊ नये असंच चाललंय तुझं."

अडाणी निरीक्षण. नोंद करायची म्हणून केली.

१९ डिसेंबर, रविवार

तात्यासाहेबांनी घरी बोलावलं. सोनेरी काठाच्या कपात चहा, बशीत दोन बिस्किटं. ते मला मानतात.

"ताई, मी काही मनात ठेवून सांगत नाही हां. पोरगा गुणी आहे. पण अशा सिग्नलनं आपली फ्रीक्वेन्सी घाण होतीय. दिल्लीला कळवावं लागेल. तुम्ही क्वालिटीवाल्या, दोन ओळी लिहून द्या: सेट नियमात बसत नाही. म्हणजे माझ्या शब्दाला वजन येईल."

"दिल्लीहून काय होईल?"

"लायसन्स थांबवतील काही दिवस. तोवर त्याचंही शिकणं होईल."

"मला तर त्याच्याकडून फाइव्ह-नाइन येतो."

"तुमचं बजाजनगर लांब आहे ना. लांबून बऱ्याच गोष्टी चांगल्या वाटतात." मग बशी पुढं सरकवत म्हणाले, "सध्या शहरात वातावरण कसंय बघताय ना. आपली बैठक आपण या सगळ्यापासून स्वच्छ ठेवलीय."

पंधरा वर्षांचं लायसन्स आणि सर्वांत उंच अँटेना असलेला माणूस खोटं का बोलेल? मोजल्याशिवाय लिहीत नाही, एवढंच सांगून आले. ते म्हणाले, "मोजा की. संक्रांतीपर्यंत मोजा."

पुंडलिकनं मोर्स शिकण्यासाठी दोन वर्षं तारघराच्या बाकावर रात्रपाळीनंतर बसून काढली होती, असं केरबा सांगतो. ते लायसन्स माझ्या दोन ओळींवर आहे.

२ जानेवारी १९९४, रविवार

शेवटचा उपाय, अदलाबदल. दोन यंत्रांपैकी बिघडलेलं कोणतं ते कळत नसेल तर एकेक भाग बदलायचा आणि दोष कशाबरोबर जातो ते पाहायचं. कारखान्यात हे पोरंसोरं करतात. मला दोन महिन्यांनी सुचलं.

पुंडलिक स्वतःचा सेट आणि अँटेना घेऊन बजाजनगरला आला. आधी मी त्याच्या सेटवरून, त्याच्याच अँटेनानं हाक दिली. तात्यासाहेब: "वा ताई, फाइव्ह-नाइन. नवा सेट घेतला की काय? आवाज कसा खणखणीत."

मग माझा सेट, माझा अँटेना, बोलणारा पुंडलिक. तात्यासाहेब: "पुंडलिक, अजून तेच रे. थ्री-थ्री. ती खरखर काही जात नाही."

माझा सेट कारखान्यात तपासलेला आहे. त्यावर कागद आहे.

मध्ये आईनं चहा केला. आम्हाला कपात, त्याला काचेच्या ग्लासात. तिच्या लग्नात आलेले सहा ग्लास आहेत, एरवी पाहुण्यांना सरबताला काढते. चहा पिऊन त्यानं ग्लास स्वतः विसळला आणि ओट्याच्या कडेला पालथा ठेवला. व्यवस्थित माणूस.

निष्कर्ष: दोष सेटमध्ये नाही, अँटेनात नाही, टाकीत नाही. दोष माणसाबरोबर फिरतो. म्हणजे आवाजात. त्याच्या आवाजातला एखादा स्वर तात्यासाहेबांच्या जपानी सेटला झेपत नसावा. या विषयावर लेख मिळतो का पाहायला हवं.

३ जानेवारी, सोमवार

जेवताना आईला निष्कर्ष सांगितला. तिनं भाकरी थापता थापता ऐकला.

"झालं?" म्हणाली. "एवढी शिकलीस. भीमनगर म्हंजे काय ते तुझ्या मशीनला कळत नसंल, तुला बी कळंना व्हय?"

"तात्यासाहेब तसे नाहीत. आडनावसुद्धा—"

"आडनाव विचारत नाय, कारन विचारायची गरजच पडली नव्हती. मेथीची भाजी खाल्ली ना त्यानं? तिचा राग हाय त्यो."

लेख शोधण्याची गरज नाही.

खरं म्हणजे हे मोजमाप सात नोव्हेंबरपासून माझ्याजवळ होतं. विजेचं नव्हतं म्हणून हिशेबात धरलं नाही. क्वालिटी विभागात याला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

४ जानेवारी, मंगळवार

तारघरात गेले. पुंडलिकला सांगितलं, दोष सापडला. कुठला ते सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "राहू द्या. मला पहिल्याच दिवशी कळला होता."

"मग दोन महिने मला क्रिस्टल कशाला बदलू दिले?"

"तुम्ही फार मन लावून शोधत होतात." तो काही वेळ तारेच्या कागदांची चळत सरळ करत राहिला. "आणि मलाही वाटत होतं, सापडला सेटमध्येच, तर किती बरं होईल. रुपया-दोन रुपयांत काम होतं."

टेपरेकॉर्डर घेतला आहे, एवढं सांगून निघाले.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. कंपनी दुपारीच सुटली. बातमी पक्की झाली: विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. चौकाचौकांत पोलीस. बसमध्ये अर्धे लोक गप्प, उरलेले अर्धे त्याहून गप्प. नावात काय ठेवलंय म्हणणाऱ्या साहेबांचा चेहरा सुतकी होता.

साडेसातला बैठक. तात्यासाहेबांनी आधी कायद्याची आठवण दिली: राजकारण नको, आजच्या दिवशी तर नकोच. मग, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मला, केरबाला, नाव घेऊन. पुंडलिकनं हाक दिली. त्याच्यामागं फटाके वाजत होते. तात्यासाहेब म्हणाले, "कुणीतरी हाक देतंय, पण काही कळत नाही. सोडून देऊ. ताई, तुमचा तो रिपोर्ट तयार झाला का?"

झाला होता. म्हटलं, वाचूनच दाखवते, तांत्रिक विषय आहे.

"चाचणी दोन जानेवारी. पुंडलिकचा सेट, पुंडलिकचाच अँटेना, बोलणारी व्यक्ती मी: तात्यासाहेबांचा आकडा फाइव्ह-नाइन. माझा तपासलेला सेट, बोलणारी व्यक्ती पुंडलिक: तात्यासाहेबांचा आकडा थ्री-थ्री. प्रयोगशाळेत पुंडलिकचा सेट निर्दोष. सात नोव्हेंबरपर्यंत त्याला याच केंद्राकडून फाइव्ह-नाइन मिळत होता. त्या दिवशी पुंडलिक भीमनगरला उतरला. त्यानंतर त्याच्या सेटमध्ये कोणताही बदल नाही. निष्कर्ष: दोष ऐकणाऱ्या केंद्रात आहे. दिल्लीला कळवायचं असेल तर हे कळवावं, खाली सही माझी आहे."

माझं बटण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याला मध्ये बोलता येत नाही. या यंत्राची ही सोय मला आधी कधी एवढी आवडली नव्हती. मग बटण सोडलं.

मग तात्यासाहेब: "ताई, तुम्ही भावनेच्या भरात... माझी तब्येत जरा ठीक नाही. आजपासून मी रजा घेतो." त्यांचा सिग्नल गेला. जाताना फाइव्ह-नाइन होता, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे.

केरबाचा आवाज आला, एरवीपेक्षा हळू. "पुंडलिकराव, फाइव्ह-नाइन. लई दिवसांचा फाइव्ह-नाइनच व्हता. आता गच्चीवरच्या तारा काढाव्या लागत्याल बघा. असू द्या. तुमची पाच मिनिटं राहिलीत."

"कायदा आहे," पुंडलिक म्हणाला, "नाहीतर माईक दाराबाहेर धरला असता." मग त्यानं दाराबाहेरच्या बँडचं वर्णन केलं. क्लॅरिनेटवाला सुरात नाही, पण आज त्याला कुणी सांगणार नाही. ताशावाला म्हातारा, लय सोडत नाही. शेजारची आजी ओट्यावर बसून नुसती टाळी देतेय, समेवर. हे सगळं तो मुलतानीसारखंच सांगत होता, सावकाश. पाचाची बारा मिनिटं झाली. थांबवणारं कुणी नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, रविवारी तिळगुळाला घरी या.

"तिळगूळ पोचला इथंच," तो म्हणाला. "तुमच्याकडचा चहा एकदा घेतलाय. तो लक्षात आहे."

आई चहात गवती चहा घालते. सगळे लक्षात ठेवतात.

१५ जानेवारी, शनिवार

सकाळी रॉकेलचा डबा काढायला ओट्याखाली वाकले, तर मागच्या खिडकीत एक काचेचा ग्लास दिसला. पालथा, एकटाच. बाकीचे पाच कपाटात, ओळीनं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "राहू दे की तिथं. पुन्ना आला तर लागंल."

वाद घालण्याची मला सवय नाही. ग्लास धुतला, कपाट उघडलं, आणि सहाही ग्लास ओट्यावर घेऊन इकडचे तिकडे केले, पत्ते पिसतात तसे. मग ओळीनं ठेवले. त्यांतला कोणता तो, हे आता मीही सांगू शकत नव्हते.

आई बघत राहिली. "हे काय केलंस?" म्हणाली.

१७ जानेवारी, सोमवार

आईनं सहाही ग्लास खिडकीत नेऊन ठेवले आहेत.

पुंडलिकला काल तारघराच्या दारात गाठलं आणि सांगितलं: त्या दिवशीचा ग्लास मी पाहिला होता आणि मला दिसला नव्हता. तो म्हणाला, "माहीत आहे. तुम्हाला वेळ लागतो." मग विचारलं, टेपरेकॉर्डर कसा वाजतो. हेडचा कोन अजून जुळत नाही म्हणाले. रविवारी येऊन बघतो म्हणाला. चहाचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.

सकाळी खिडकीतला एक ग्लास घेतला, त्यात चहा ओतला आणि आईसमोर बसून प्यायले. ती कपात पीत होती. ग्लास विसळून परत खिडकीत ठेवला. उद्या दुसरा घेईन.